बेंबीच्या वर की बेंबीच्या खाली

गेल्या भाऊबीजेच्या रात्री, घरात सगळी निजानीज झाल्यावर, भांडी विसळता विसळता धाकट्या बहिणीने मला विचारले, "ताई, मिनी टमी टक म्हणजे काही मोठं ऑपरेशन नसतं ना गं?" टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी कापून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया. विचारताना तिने नळ बंद केला नव्हता आणि माझ्याकडे पाहिलेही नव्हते. तिला हवे असलेले उत्तर तिने प्रश्नातच घालून ठेवले होते. पुढचे तीन-चार महिने आम्ही दोघींनी जे वाचले, विचारले आणि तपासून घेतले, ते सारे त्या 'मिनी' या दोन अक्षरांचा खरा अर्थ लावण्यातच गेले.

ती चौतीस वर्षांची आहे, बार्शीला असते, आणि तिची दोन्ही मुले सिझेरियनने झाली आहेत. धाकटा तेव्हा वीस महिन्यांचा होता. तिची तक्रार नेमकी होती: सिझेरियनच्या टाक्यांची जी आडवी रेघ ओटीपोटावर राहते, तिच्या वर कातडीची एक घडी लोंबते, बसले की ती मांडीवर टेकते, साडीच्या निऱ्या तिच्यावर ठरत नाहीत, आणि उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचून कातडी सोलवटते. माझे वय त्रेचाळीस. माझी धाकटी मुलगी बारा वर्षांची झाली, तरी मागच्या वर्षी बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने माझ्या पोटाकडे पाहून, अतिशय आदराने, उठून मला जागा दिली होती. मी 'अगं, नाही' असे म्हटले नाही, मुकाट्याने बसले. त्यामुळे बहिणीच्या प्रश्नात माझाही प्रश्न होता, आणि तो मी तिच्या आडून विचारून घेतला, हे इथे कबूल केलेले बरे.

आम्ही दोघी काही जगावेगळ्या नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या साधारण चौथा हिस्सा प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. त्या आडव्या छेदाला फॅनेनस्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाव आहे. त्यांनी तो १९०० साली प्रसिद्ध केला. छेद चांगला भरतो, कपड्याखाली लपतो, पण पुष्कळदा त्याचा व्रण खालच्या थराला घट्ट चिकटून बसतो आणि त्याच्या वरची सैल झालेली कातडी त्या चिकटलेल्या रेघेवरून पुढे झुकते. बहिणीला जी घडी खुपत होती, तिची उत्पत्ती एवढीच.

शस्त्रक्रियेचे स्वरूप आम्हाला हळूहळू कळले. पूर्ण टमी टक, म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टी, यात छेद साधारण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या कमरेच्या हाडापर्यंत जातो; कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सुटा करत पार बरगड्यांच्या दिशेने वर नेला जातो; बेंबी तिच्या देठासह जागच्या जागी ठेवून वरची कातडी खाली ओढली जाते, जादा भाग कापला जातो, आणि ओढलेल्या कातडीला नवे छिद्र पाडून बेंबी त्यातून बाहेर आणली जाते. मिनीमध्ये छेद सिझेरियनच्या व्रणापेक्षा थोडा लांब असतो, कातडी साधारण बेंबीपर्यंतच सुटी केली जाते, आणि खालून चंद्रकोरीच्या आकाराचा एक तुकडा काढून टाके घातले जातात. बेंबीभोवती नवा व्रण येत नाही. जुना सिझेरियनचा व्रण त्या चंद्रकोरीबरोबर निघून जातो आणि त्याच्या जागी अधिक लांब, पण न चिकटलेला व्रण येतो. स्नायू शिवायचे असले, तर बेंबीच्या खालचेच मुख्यतः शिवता येतात, कारण वर जायला वाटच उघडलेली नसते.

या शेवटच्या वाक्यात आमच्या दोघींचे निकाल दडलेले होते, पण ते आम्हाला तेव्हा कळले नाही. आम्ही सगळ्यांसारख्याच समजत होतो की मिनी म्हणजे पूर्ण शस्त्रक्रियेची धाकटी बहीण: थोडा कमी खर्च, थोडी कमी रजा, थोडा कमी फरक. किराणा दुकानात पाव किलो आणि एक किलो मागावे, तशी. प्रत्यक्षात माल एकच आणि माप वेगळे, असा हा प्रकार नाही. ज्या पोटाचा बिघाड बेंबीच्या वरही पसरलेला आहे, त्या पोटावर मिनी केली तर पाऊण फरक पडत नाही; खालचा भाग सपाट होतो आणि वरचा फुगवटा उलट अधिक उठून दिसतो.

पहिला अनुभव चांगला आला नाही. बहिणीने मोबाइलवर जाहिरात पाहून एका क्लिनिकला फोन लावला, तर पलीकडच्या मुलीने, जिला तिथे काउन्सेलर म्हणतात, व्हॉट्सॲपवर पोटाचा फोटो मागितला. फोटो पाठवल्यावर अर्ध्या तासात उत्तर आले की तुम्ही मिनीसाठी अगदी योग्य आहात, आणि या महिन्याच्या अखेरपर्यंत नावनोंदणी केल्यास सवलत आहे. फोटो बहिणीने उभे राहून, श्वास आत ओढून काढला होता, हे तिने मला नंतर हसत सांगितले. त्या फोटोवरून तिची बसल्यावर पडणारी वळी दिसत नव्हती, स्नायूंमधली फट दिसत नव्हती, रक्त किती आहे ते दिसत नव्हते, आणि ती रात्री अजून मुलाला अंगावर पाजते, हे तर मुळीच दिसत नव्हते. योगायोगाने उत्तर बरोबर निघाले, ही गोष्ट वेगळी. योगायोगावर पोट फाडून घेऊ नये, असे मी तिला म्हटले आणि जानेवारीत आम्ही पुण्यात एका प्लास्टिक सर्जन बाईंची वेळ घेतली.

जाण्यापूर्वी मी एक काम केले, ते कोणीही घरबसल्या करू शकते. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी आहे, पदवी नव्हे. एमबीबीएस, त्यानंतर शल्यचिकित्सेतली एमएस, आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा तिच्या तोडीची राष्ट्रीय मंडळाची पदवी, असा तो लांबचा रस्ता असतो. आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळून पाहता येते. मी ती पाहिली. शस्त्रक्रिया जिथे होणार ते रुग्णालय नोंदणीकृत आहे का आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ तिथे असतात का, हे दोन प्रश्नही कागदावर लिहून नेले. डॉक्टरबाईंनी तो कागद पाहिला आणि रागावल्या नाहीत, यावरून मला त्यांच्याविषयी बरे वाटले.

तपासणी फोटोसारखी अर्ध्या मिनिटाची नव्हती. त्यांनी बहिणीला आधी आरशासमोर सरळ उभे केले आणि श्वास सोडून पोट सैल ठेवायला सांगितले, जे तिला फार अवघड गेले. वर्षानुवर्षे पोट आत ओढून उभे राहायची सवय लागलेल्या बाईला ते सोडायला सांगणे म्हणजे पदर काढायला सांगण्यासारखेच असते. मग कमरेतून पुढे वाकायला लावले. वाकल्यावर बेंबीच्या वरची कातडी खाली लोंबते का, हे त्या पाहत होत्या. तिची लोंबली नाही. मग खुर्चीवर बसवून वळी कुठे पडते ते पाहिले. बोटांच्या चिमटीत आधी बेंबीखालची आणि मग बेंबीवरची घडी धरून दोन्हींची जाडी आणि सैलपणा तपासला. शेवटी तिला आडवे करून, गुडघे दुमडून, नुसते डोके उचलायला सांगितले आणि बेंबीच्या वर, बेंबीवर आणि बेंबीच्या खाली अशा तीन ठिकाणी बोटे रुतवून स्नायूंमधले अंतर पाहिले. पोटावर मधोमध उभ्या असलेल्या दोन स्नायूंच्या पट्ट्या गरोदरपणात एकमेकींपासून दूर जातात आणि त्यांना जोडणारी मधली शिवण ताणली जाते. बाळंतपणानंतर ती काहींची आवळते, काहींची सैलच राहते. बहिणीच्या बेंबीवर एक बोट जेमतेम जात होते, खाली दोन.

मग डॉक्टरांनी तिला पुन्हा आरशासमोर उभे केले आणि दोन्ही हातांनी टाक्यांवरची घडी धरून खाली ओढली. घडी नाहीशी झाली. बेंबी किंचित ताणली गेली, पण तिचा आकार बिघडला नाही. "इथं थांबायचं," त्या म्हणाल्या. आणखी थोडे ओढल्यावर बेंबीचा खालचा काठ उतरला आणि ती रडवेल्या तोंडासारखी दिसू लागली. "मिनीमध्ये लोभ केला की हे होतं. जास्त कातडी काढली तर बेंबी खाली येते, आणि ती पुन्हा वर नेता येत नाही." इतकी स्पष्ट परीक्षा कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचली नव्हती, आणि त्याला ना यंत्र लागले ना पैसा.

मग त्यांनी विचारले, "ताई, तुमचंही बघू का?" मी बहिणीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, बहुधा हसू दाबत होती.

मी आडवी झाले, डोके उचलले, आणि माझ्या पोटाच्या मधोमध, बेंबीपासून वर, एक उभा कणा उठला. तंबूच्या कापडाला आतून काठी लावावी तसा. तो मी बारा वर्षांत कधी पाहिला नव्हता, कारण आपले पोट आपण आडवे पडून, मान उचलून कशाला पाहतो? डॉक्टरांनी माझाच हात धरून माझी बोटे तिथे ठेवली. तीन बोटे सहज आत गेली. बेंबीत त्यांना एक मऊ, मटाराच्या दाण्याएवढी गाठही लागली, जी खोकल्यावर बाहेर ढकलली जात होती. सोनोग्राफीत बेंबीच्या वर स्नायूंमधले अंतर ३.४ सेंटिमीटर, खाली १.८, आणि बेंबीत लहानसा हर्निया, असा अहवाल आला. साधारणपणे दोन सेंटिमीटरहून अधिक अंतर असले तर फट आहे असे मानतात. संध्याकाळ होता होता माझे पोट का फुगते, जिन्यावर पाठ का भरून येते आणि बसमध्ये मला जागा का मिळते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदावर होती.

गंमत म्हणजे माझ्या पोटावर लोंबणारी घडी फारशी नाहीच. नुसते कपड्यांतून पाहिले तर कोणीही म्हणेल की हिला छोटी शस्त्रक्रिया पुरेल आणि धाकटीला मोठी लागेल. झाले नेमके उलटे. माझा बिघाड वरच्या स्नायूंत, म्हणजे मिनीच्या छेदातून जिथे हात पोचत नाही तिथे. शिवाय मिनीमध्ये काही वेळा कातडी नीट बसावी म्हणून बेंबीचा देठ आतून सोडवून बेंबी एक-दोन सेंटिमीटर खाली सरकवतात, आणि हर्निया असलेल्या बेंबीला हात लावायचा तर तिच्या रक्तपुरवठ्याचा विचार आधी करावा लागतो. "तुम्हाला मिनी करून दिली, तर पैसे घेऊन तुमचं पोट तसंच ठेवल्यासारखं होईल," असे त्या म्हणाल्या. वाक्य कडू होते, पण विकणाऱ्याचे नव्हते.

समजावताना त्यांनी टेबलावरच्या कागदावर चार पोटे काढली. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन मॅटारासो यांनी साडेतीन दशकांपूर्वी मांडलेली ही वर्गवारी आहे आणि ती कातडी, चरबी आणि स्नायू या तिन्हींचा वेगवेगळा हिशेब करते. पहिल्या पोटाची कातडी घट्ट आहे, स्नायूही ठीक आहेत, फक्त चरबी आहे. तिथे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणे, पुरते. दुसऱ्याची कातडी थोडी सैल आणि स्नायू फक्त खाली थोडे ढिले, ते मिनीचे. तिसऱ्यात कातडी मध्यम सैल आणि स्नायूंचा ढिलेपणा वरपर्यंत गेलेला. तिथे मधली शस्त्रक्रिया. चौथ्यात सगळेच फार सैल, तिथे पूर्ण. दुसऱ्या पोटावर त्यांनी निळ्या पेनाने चंद्रकोर काढली आणि तो कागद बहिणीकडे सरकवला.

पाचवे पोट कागदावर नव्हते, ते बाहेर बाकावर बसले होते. माझे मेहुणे आम्हाला गाडीने घेऊन आले होते आणि शेवटी आत बोलावल्यावर त्यांनी सहज म्हटले, "मॅडम, एकावर एक फ्री असेल तर माझंही करून टाका." डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर दोन बोटांनी टिचकी मारली. नगाऱ्यासारखे घट्ट पोट, चिमटीत काही येत नाही. अशा पोटातली चरबी स्नायूंच्या मागे, आतड्यांभोवती असते आणि तिथे ना मिनीचा उपयोग ना पूर्णचा ना लायपोसक्शनचा. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या पुढे गेला की ती मधुमेहाची आणि हृदयविकाराची सूचना मानतात. त्यांना साखर तपासायला सांगितले गेले. गाडीत परतताना ते बराच वेळ गप्प होते.

बहिणीचे पोट मिनीचे आहे, एवढ्यावर निर्णय झाला असे आम्हाला वाटले. पोट योग्य असणे आणि बाई योग्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पुढच्या अर्ध्या तासात कळले.

"सिगारेट ओढता?" डॉक्टरांनी विचारले. बहीण म्हणाली, "नाही हो." "तंबाखू, तपकीर, मिश्री?" यावर ती गप्प झाली. मी तिच्याकडे पाहत राहिले. लग्नानंतर दाढ दुखत होती तेव्हा सासूबाईंनी दातांना मिश्री लावायला दिली, ती पुढे सकाळ-संध्याकाळची सवय झाली, आणि नऊ वर्षांत तिने मला हे एकदाही सांगितले नव्हते. तिच्या लेखी ती दात घासण्याची पूड होती, व्यसन नव्हते. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये कातडी खालच्या थरापासून सुटी केल्यामुळे तिचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि टाक्यांजवळची किनार त्या पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला असते. त्यात निकोटीनची भर पडली तर ती किनार काळी पडू शकते, टाके उसवू शकतात आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, अशी अट डॉक्टरांनी घातली आणि वर म्हणाल्या, "आदल्या आठवड्यात बंद केली असं सांगू नका, मला टाके सांगतात." आपल्या भागात हा प्रश्न 'सिगारेट ओढता का' एवढ्यावर थांबवणारा डॉक्टर निम्म्या बायकांबाबत अंधारात राहील, असे माझे ठाम मत झाले आहे.

बाकीचे प्रश्न एकामागून एक आले. आणखी मूल हवे आहे का, हे त्यांनी मेहुण्यांना बाहेर पाठवून विचारले. पुन्हा गरोदर राहिल्यास जीवाला धोका नसतो, पण केलेले काम बहुतेक वाया जाते. कोणाला हवे आहे हे ऑपरेशन, तुम्हाला की आणखी कोणाला, हेही तेव्हाच विचारले. बहीण म्हणाली, "मलाच. ह्यांना तर फरकही कळत नाही." मुलाचे रात्रीचे पाजणे बंद होऊन काही महिने जाऊ द्यावेत. तिचे वजन दसऱ्यापासून सात किलोंनी उतरले होते, याचा तिला अभिमान होता, पण डॉक्टरांना ते सहा महिने एका जागी स्थिर हवे होते, कारण उतरत्या वजनावर मापलेली कातडी पुढे पुन्हा सैल पडते. हिमोग्लोबिन ९.८ निघाले. याचेही नवल नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. हौसेखातर करायच्या शस्त्रक्रियेत कमी रक्तावर टेबलावर जाण्याचे काही कारण नसते. मग पाळी लांबवायच्या गोळ्यांचा विषय निघाला, ज्या आपल्याकडे सत्यनारायणापासून पंढरीच्या वारीपर्यंत कशासाठीही, दुकानातून परस्पर आणून घेतल्या जातात. हार्मोनच्या गोळ्या, मग त्या गर्भनिरोधक का असेनात, डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत, कारण काहींमुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते आणि अशी गुठळी फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. हा धोका पूर्ण शस्त्रक्रियेत अधिक, मिनीत कमी, पण शून्य नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. चौथ्या वेळी मीच म्हटले, "समजलं."

इतर धोके त्यांनी लवकर उरकले: कातडीखाली पाणी साठणे आणि ते सुईने काढावे लागणे, जंतुसंसर्ग, व्रणाच्या टोकांना कातडीचा लहानसा उंचवटा राहणे, ओटीपोटावर काही महिने बधिरपणा. व्रणाबाबत मात्र त्या थांबल्या. बहिणीचा सिझेरियनचा व्रण त्यांनी बोटाने दाबून पाहिला, कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का ते विचारले. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर व्रण जाड आणि गडद होण्याची प्रवृत्ती अधिक असते. जुना व्रण हाच त्यातल्या त्यात भरवशाचा ज्योतिषी. तिचा पातळ, फिकट होता. तरीही नवा व्रण निवळायला वर्षभर लागते आणि तो जुन्यापेक्षा लांबच असणार. घडी देऊन रेघ घ्यायची आहे, हा सौदा पटतो का ते ठरवा, असे त्या म्हणाल्या.

काय बदलणार नाही, याचीही यादी तिने मागून घेतली, आणि तिचे हे शहाणपण मला आवडले. बेंबीच्या वरच्या ताणाच्या पांढऱ्या रेघा तशाच राहणार, कारण काढल्या जाणाऱ्या चंद्रकोरीत त्या येत नाहीत. कमरेच्या बाजूंची चरबी तशीच राहणार, सोबत लायपोसक्शन केले तर गोष्ट निराळी. वजनाच्या काट्यावर काही शे ग्रॅमचा फरक, म्हणजे दुधाच्या पिशवीएवढाही कदाचित नाही.

डॉक्टरांना दिसत नाही असा एक भाग घरी असतो. मिनीनंतर टेबलाशी बसून करायच्या कामावर आठ-दहा दिवसांनी, फार तर पंधरवड्याने परतता येते, हे खरे; पण जड उचलणे चार ते सहा आठवडे बंद, पोटाला घट्ट पट्टा जवळजवळ तितकेच दिवस, आणि बहिणीच्या घरी पाणी दिवसाआड येते. हंडे कोण भरणार? देशी पद्धतीच्या संडासात उकिडवे बसायचे कसे? दोन वर्षांचा मुलगा धावत येऊन 'उचल' म्हणाला की त्याला नाही कसे म्हणायचे? मेहुण्यांनी "मी बघतो" असे सांगितले. मी त्यांच्या हातात वही दिली आणि कोणत्या दिवशी काय बघणार ते लिहायला लावले. थोरल्या मेहुणीला तेवढा अधिकार असतो.

पैशांचे थोडक्यात सांगते. दोन ठिकाणांच्या आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता, आणि स्वस्त आकड्यात भूलतज्ज्ञाची फी, पट्टा आणि काही बिघडल्यास पुन्हा टेबलावर घेण्याचा खर्च धरलेलाच नव्हता. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, आणि इतर वैद्यकीय उपचारांना असलेली जीएसटीची माफीही तिला नाही. माझ्या हर्नियाची दुरुस्ती मात्र विम्यात बसते. म्हणून काही ठिकाणी 'हर्निया दाखवून बाकीचं त्यात बसवू' असेही सुचवले जाते. आम्हाला एका ओळखीच्यांनी तसे सुचवले आणि मी कान बंद केले. खोटा कागद पुढे खऱ्या दाव्याच्या वेळी आडवा येतो.

माझे ठरले ते असे: हर्निया लहान आहे आणि त्रास देत नाही, तोवर त्यावर लक्ष ठेवायचे, आणि फिजिओथेरपिस्टकडे सहा महिने पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम करायचे. तिने पहिल्याच दिवशी माझ्या मोबाइलमधले पोट कमी करण्याचे, आडवे पडून डोके-खांदे उचलायच्या व्यायामाचे व्हिडिओ बंद करायला लावले, कारण डोके उचलून झटके देताना माझा तो कणा आणखी बाहेर ढकलला जात होता. व्यायामाने ताकद येते, पाठ कमी दुखते, फट थोडी कमी होऊ शकते. ताणलेली कातडी आणि हर्निया व्यायामाने जात नाहीत, हे तिनेही स्वच्छ सांगितले. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, आणि तेव्हा गरज वाटली तर हर्निया आणि वरपर्यंतची शिवण एकत्र, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया. मिनी माझ्यासाठी नाही, हे मात्र कायमचे निकालात निघाले. बाळंतपणात आईने माझे पोट जुन्या नऊवारीच्या पट्टीने किती घट्ट आवळून बांधले होते, ते आठवून ती अजून हळहळते. तिच्या बांधण्यात काही कमी नव्हते, शिवणच ताणलेली होती, असे मी तिला समजावते आहे.

बहिणीला डॉक्टरांनी लेखी दिले: मिनीसाठी योग्य, आज नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाचे रात्रीचे पाजणे फेब्रुवारीत सुटले, त्याच्यापेक्षा तीच जास्त रडली. मिश्रीची डबी तिने मोरीतल्या फळीवरून उचलून सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवली आहे आणि रोज रात्री मला एक आकडा पाठवते, किती दिवस झाले त्याचा. काल एकवीस आला. मधे एकदा आठ वरून पुन्हा एक आला होता. त्या रात्री मी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पुण्याची पुढची वेळ ऑगस्टमधली आहे, आणि चंद्रकोरीचा कागद तोवर माझ्याकडे ठेवायला दिला आहे.